एका कानात गाणी, हँडलवर फोन: काय ठेवावे, काय काढावे

नाशिकमध्ये आडगावहून अंबड एमआयडीसीत रोज मोटरसायकलने जाणाऱ्या एका तरुणाने विचारले आहे. जाऊन-येऊन दीड तास गाडीवर जातो. एका कानात इअरबड असतो, दुसरा कान मोकळा. फोन हँडलवरच्या होल्डरमध्ये. सुपरवायझरचे आणि घरचे फोन ब्लूटूथवर घेतो, 'दोन्ही हात हँडलवरच असतात' असे तो लिहितो. हे चालेल का, हेल्मेटमध्ये बसणारे स्पीकर घ्यावेत का, आणि सुट्टीत सापुताऱ्याला जाताना गाणी ऐकली तर चालतील का?

मी बावीस वर्षे एमआरची, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीची, नोकरी केली. कळवण, सटाणा, सुरगाणा, येवला, मालेगाव, सगळा जिल्हा मोटरसायकलवर पालथा घातला, आणि फोन हे त्या नोकरीचे हत्यारच होते. गेली आठ वर्षे नवीन शिकणाऱ्यांना आणि कारखान्यांतल्या कामगारांना दुचाकी सांभाळून चालवायला शिकवतो.

तेव्हा आधी थेट उत्तर. शहरात इअरबड काढा, एकसुद्धा नको. हँडलवर फोन लावायचा तो अनोळखी रस्त्याला, नकाशापुरता. हेल्मेटचे स्पीकर घ्यायचे तर घ्या, पण नकाशाच्या सूचना ऐकायला. आणि चालत्या गाडीवर कॉल नको, ब्लूटूथवरचाही नको. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि लोकांना सगळ्यांत कमी पटणारी. मलाही पटत नव्हती, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

२०११ चा डिसेंबर होता. निफाडहून पिंपळगावकडे येत होतो, दिवेलागणीची वेळ. हेल्मेट डोक्यात, ब्लूटूथचा हेडसेट कानात, हात हँडलवर, नजर समोर, वेग पन्नासच्या आसपास. स्टॉकिस्टशी एका बिलावरून बोलणे चालले होते. तो म्हणत होता माल आला नाही, मी बिलाचा नंबर आठवत होतो. समोर उसाची ट्रॉली होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. माझ्या हेडलाइटचा उजेड तिच्यावर पडला असणारच, कारण रस्ता सरळ होता. तरी ती मला 'दिसली' तेव्हा अंतर गाडीच्या दोन-तीन लांबींएवढे उरले होते. ब्रेक दाबून गाडी साइडपट्टीवर घातली आणि पडलो. कॉलरबोन मोडले, सहा आठवडे हात गळ्यात. त्या बिलाचा नंबर मला नंतर कित्येक दिवस पाठ होता, ट्रॉलीचे मात्र शेवटच्या क्षणाआधीचे काहीच आठवत नव्हते. डोळे उघडे होते आणि समोरच पाहत होते.

असे का होते याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर यांनी २००१ पासून यावर प्रयोग केले आणि पुन्हा पुन्हा हेच आढळले की हातात फोन धरून बोलणारा आणि हँड्सफ्रीवर बोलणारा, दोघांच्या चालवण्यात सारखीच घसरण होते. नजर वस्तूवर पडते, पण मेंदू ती नोंदवत नाही. ते प्रयोग मोटारीच्या चालकांवर होते. मोटारीला निदान चार चाके असतात, बाजूला पत्रा असतो. आपल्याला तोल सांभाळायचा असतो, खड्डा चुकवायचा असतो, क्लच आणि दोन ब्रेक यांचा मेळ घालायचा असतो.

यावर माझ्या वर्गात हमखास एक प्रश्न येतो: मग मागे बसलेल्याशी बोलतो त्याचे काय? फरक आहे. मागे बसलेला रस्ता पाहत असतो. द्वारकेच्या चौकात शिरताना तो आपोआप गप्प होतो, कधी 'अरे, रिक्षा' म्हणतो. फोनवरच्या माणसाला तुमच्यासमोर द्वारका आहे की मोकळे मैदान, हे ठाऊकच नसते. तो ऐन चौकात सर्वांत अवघड प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो.

खांदा वर करून मान तिरकी धरणे, किंवा फोन हेल्मेट आणि गालाच्या मध्ये खुपसणे, हे प्रकार कॉलेज रोडपासून सिन्नर फाट्यापर्यंत रोज दिसतात. त्यांचे तोटे वेगळे. फोन आत जावा म्हणून बहुतेकांनी हेल्मेटचा पट्टा ढिला ठेवलेला किंवा लावलेलाच नसतो, म्हणजे पडताना हेल्मेट डोक्यावरून निघून जाते. आणि राहिलेच तर काच आणि धातूची ती पट्टी थेट कानशिलाला टेकलेली. याबद्दल यापेक्षा जास्त लिहायची मला गरज वाटत नाही.

आता कानाचे. तुमचा 'एक कान मोकळा' हा सर्वांत मोठा गैरसमज आहे आणि तो फार पसरलेला आहे. आवाज कुठून आला हे आपल्याला दोन कानांतल्या फरकावरून कळते. डावीकडचा हॉर्न डाव्या कानात किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो, त्या बारीक फरकावरून मेंदू दिशा काढतो. एका कानात गाणे भरले की हा हिशेब बिघडतो. हॉर्न ऐकू येतो, पण कुठल्या बाजूने ते कळत नाही, किंवा चुकीच्या बाजूचा वाटतो. मग माणूस दोन्ही आरसे बघत बसतो आणि समोरचे सुटते. स्वतः करून पाहा. गाडी बंद करून मैदानात उभे राहा, डोळे मिटा, एका कानात गाणे लावा आणि मित्राला वेगवेगळ्या बाजूंनी टाळी वाजवायला सांगा. बोटाने दिशा दाखवायची. मी वर्गात करून घेतो, आणि चांगले तरबेज चालवणारेसुद्धा चुकतात.

दुचाकीवर कान हा आरशाइतकाच कामाचा आहे. आपले आरसे लहान, त्यांत निम्मा आपलाच खांदा दिसतो. मुंबई नाक्याला किंवा गरवारे पॉइंटला मागून येणाऱ्या ट्रकच्या इंजिनाची घरघर आरशात ट्रक दिसण्याआधी ऐकू येते. डावीकडून हॉर्न न देता घुसणारी रिक्षा तिच्या फटफटीवरून कळते. नॉइज कॅन्सलिंगचे इअरबड नेमकी हीच खालच्या पट्टीची घरघर पुसून टाकतात, कारण त्यांची रचनाच सतत चालणारे जड आवाज कापण्यासाठी असते. विमानात ते वरदान आहे. रस्त्यावर तीच घरघर आपल्याला हवी असते.

शिवाय तुमची स्वतःची गाडी बोलत असते. चेन सैल झाली की खडखडते, डिस्कमध्ये खडी अडकली की करकरते, टायर बसायला लागला की रस्त्याचा आवाज बदलतो. नवीन चालवणारा तर इंजिनाच्या आवाजावरूनच गिअर बदलायला शिकतो. पहिल्याच महिन्यापासून गाणी ऐकत चालवणारी मुले माझ्याकडे येतात, तेव्हा चौथ्या गिअरमध्ये वीसच्या वेगाने गाडी रेटत असतात, इंजिन गुरगुरत असते आणि त्यांच्या कानापर्यंत ते पोचतच नाही. गाडी शिकून वर्ष झालेले नसेल, तर गाण्यांचा विषय बाजूलाच ठेवा.

हेल्मेटच्या आतल्या आवाजाविषयीही सांगतो, कारण त्याचा सापुताऱ्याच्या प्रश्नाशी संबंध आहे. वेग साठच्या पुढे गेला की हेल्मेटभोवती वाऱ्याचा आवाजच नव्वद डेसिबलच्या घरात जातो, आणि वेगाबरोबर वाढत जातो. गाणे ऐकू यायचे तर त्याच्याही वर आवाज हवा. आता हिशेब बघा. कामगारांच्या आरोग्यासाठी अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेने घालून दिलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. म्हणजे महामार्गावर वाऱ्याच्या वर आवाज चढवून दोन तास गाणी ऐकणारा कानाचे कायमचे नुकसान करून घेतो. लगेच कळत नाही. घरी आल्यावर थोडा वेळ कानात कुईं वाजते, तीच खूण. म्हणून लांब पल्ल्याचे अनेक जुने रायडर उलट फोमचे इअरप्लग घालतात. त्यांनी वाऱ्याचा मारा कमी होतो, हॉर्न कमी आवाजात पण ऐकू येतो, आणि डोके दुखत नाही. मी मालेगाव-धुळ्याच्या मोकळ्या रस्त्याला तेच करतो. शहरात, तीस-चाळीसच्या वेगाला, त्यांचा काही उपयोग नाही, तेव्हा काढून खिशात.

मग गाणी कधीच नाहीत? तसे मी म्हणणार नाही. अनुभवी चालक, दिवसाची वेळ, कोरडा आणि ओळखीचा मोकळा रस्ता, हेल्मेटच्या स्पीकरवर इतका हळू आवाज की ट्रक आणि हॉर्न सहज ऐकू यावेत: एवढ्या अटी पाळल्या तर मला चालते. वेगात ऐकू येईनासे झाले तर आवाज वाढवायचा नाही, गाणे बंद समजायचे. यादी निघण्याआधी लावायची आणि पुन्हा हात लावायचा नाही. नको असलेले गाणे आले तर ऐकून घ्या, ते बदलायला हात आणि मन दोन्ही जातात. सापुताऱ्याच्या रस्त्याला वणीपर्यंत एखादे वेळी ठीक. पुढे घाट लागतो, वळणावर समोरच्या गाडीचा आवाज हीच पहिली सूचना असते, तिथे बंद. पावसात, धुक्यात, अंधारात, गावातून जाताना बंद. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या हंगामात पिंपळगाव-लासलगावकडे ट्रॅक्टरांची रांग असते, तिथेही बंद.

हेल्मेटचे स्पीकर घेणार असाल तर बसवताना घाई करू नका. हेल्मेटच्या आत थर्मोकोलचा जाड थर असतो, डोके वाचवणारा तोच. स्पीकरला जागा व्हावी म्हणून तो कोरणारे दुकानदार पाहिले आहेत. कोरू देऊ नका. ज्या हेल्मेटमध्ये कानापाशी मुळातच खळगा असतो, ते घ्या. स्पीकर कानाला टोचत असेल तर तो चुकीच्या जागी आहे, आणि पडताना तिथेच इजा करेल. कानात खोल बसणारे इअरबड मला म्हणूनही आवडत नाहीत. हेल्मेट घालताना ते सरकतात, मग माणूस चालत्या गाडीवर काचेखालून बोट घालून ते नीट करतो, आणि डोके बाजूने आदळले तर तो कडक तुकडा कानाच्या नळीत असतो. हेल्मेट आयएसआय खुणेचेच असावे हे वेगळे सांगत नाही. नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ ला 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झाले तेव्हा पंपाच्या बाहेर एकमेकांची हेल्मेट मागून घेणारे मी पाहिले आहेत. तेव्हापासून प्रत्येक वर्गात पहिली पंधरा मिनिटे मी फक्त हेल्मेटच्या मापावर घालवतो.

हँडलवरच्या फोनचे. चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. स्क्रीनवर कुणाचे नाव आले ते वाचायला दोन सेकंद धरा, बावीस मीटर गेले, दोन मोठ्या बस एकामागे एक उभ्या असाव्यात एवढे. मोटारीत स्क्रीन निदान नजरेच्या रेषेजवळ असते, आपल्याकडे मान खाली घालावी लागते. म्हणून रोजच्या ओळखीच्या रस्त्याला फोन हँडलवर ठेवायचे काहीच कारण नाही. आडगाव ते अंबड तुम्हाला झोपेतही येत असेल. कुंभमेळ्याच्या कामांमुळे कुठला रस्ता बंद आहे ते निघण्याआधी घरीच बघा.

अनोळखी रस्त्याला होल्डर लावायचा तर मधोमध, स्पीडोमीटरच्या लगत, पण तो झाकणार नाही असा. किल्ली फिरवायला आणि हँडल पूर्ण वळवायला अडथळा नको, स्टँडवर उभे करून दोन्हीकडे हँडल वळवून बघा. खालून रबरी डँपर असलेला घ्या. इंजिनाच्या सततच्या कंपनाने कॅमेऱ्याच्या आतली स्थिरीकरणाची यंत्रणा खराब होऊ शकते, हे अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतः जाहीर केले होते. एप्रिल-मे महिन्यात उन्हात हँडलवर फोन तापून आपोआप मंद होतो, मग बंद पडतो. पावसात थेंबांनी स्क्रीन स्वतःच दाबली जाते. म्हणून नकाशा नुसता डोळ्यांवर सोपवू नका. निघण्याआधी तीन-चार खुणा तोंडपाठ करा, आवाजी सूचना चालू करा, भाग ऑफलाइन उतरवून घ्या, पेठ-सुरगाण्याकडे रेंज जाते. आणि गुगल मॅप्समध्ये दुचाकीचा मोड लावा, तो भारतात डिसेंबर २०१७ पासून आहे. मोटारीचा मोड राहिला तर मुंबईला जाताना तो इगतपुरीजवळ तुम्हाला समृद्धीवर चढवायला बघेल, आणि समृद्धीवर दुचाकीला मनाई आहे. चार्जिंगचा सॉकेट बसवताना वायर थेट बॅटरीला जोडू नका, मध्ये फ्यूज आणि किल्लीच्या स्विचवर चालणारी जोडणी हवी.

कायद्याचे थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये चालवताना हातात फोन वापरणे हे धोकादायक चालवणे ठरते. पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दहा हजार दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येतो, तोही चालवण्यावरचे लक्ष न ढळता.

सिग्नलला थांबलो की फोन बघायला काय हरकत, असेही विचारतात. हरकत आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनच्या प्रयोगांत दिसले की मोटारीत आवाजी यंत्रणेला सूचना देणे संपल्यावरही मन पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत लागू शकतात. सिटी सेंटर मॉलच्या सिग्नलवर हिरवा लागल्यावर पहिल्या दहा सेकंदांतच काय काय होते ते तुम्ही रोज पाहता. लाल तोडून येणारा, मधूनच यू-टर्न घेणारा, पायी पळत जाणारा, सगळे तेव्हाच.

आता खरी अडचण. ती फोनची नाही, फोन करणाऱ्या माणसांची आहे. तुम्ही न उचललेला प्रत्येक कॉल आईच्या मनात काळजी बनतो आणि सुपरवायझरच्या मनात राग. म्हणून हे घरी आणि कामावर आधी बोलून ठेवायला लागते. मी माझ्या वर्गातल्या प्रत्येकाला सांगतो, आजच सांगा: 'मी सव्वासातला निघतो, आठपर्यंत पोचतो, त्या वेळात मी उचलणार नाही, आणि उचलला नाही म्हणजे मी ठीक आहे.' निघताना व्हॉट्सअ‍ॅपवर आईला एक तासाचे लाइव्ह लोकेशन पाठवा. 'कुठे पोचलास?' हा फोन त्यानंतर येत नाही, हे मी माझ्या घरी पाहिले आहे. माझी आई सुरुवातीला ते उघडायला शिकायची नाही म्हणाली, आता तिला ठिपका हलताना दिसला नाही तर ती शेजारच्या मुलीला विचारते. सुपरवायझरला सांगा की थांबून पाच मिनिटांत उलट फोन करीन, आणि ते पाळा. फोनला ड्रायव्हिंग मोड लावा, काही फोनमध्ये समोरच्याला आपोआप 'गाडीवर आहे' असा निरोपही जातो. सॅमसंगने तर २०१६ मध्ये भारतात खास दुचाकीस्वारांसाठी असा मोड आणला होता. फोन करणाऱ्याने तातडीचे आहे म्हणून एकचे बटण दाबले तर घंटी वाजायची, पण गाडी थांबेपर्यंत कॉल उचलता यायचा नाही. कल्पना अगदी बरोबर होती.

आणि फोन खिशात असला तरी थरथर बंद करा. मांडीला ती थरथर जाणवली की 'कोण असेल' हा विचार सुरू होतो, आणि तोही लक्षच खातो.

थांबायचे ते कुठेही कडेला नाही. महामार्गावर पांढऱ्या रेषेच्या आत, पुलावर, वळणावर उभे राहून बोलणारे स्वतःला सुरक्षित समजतात आणि तिथेच उडवले जातात. रस्ता सोडा, चहाची टपरी, दुकानांसमोरची जागा, सर्व्हिस रोडचा कडेचा भाग गाठा, इंजिन बंद करा, स्टँड लावा, मग हेल्मेट काढून बोला. तुमच्या वाटेवर अशा तीन जागा आत्ताच ठरवून ठेवा: एक आडगाव नाक्याच्या बाजूला, एक मुंबई नाका ओलांडल्यावर, एक पाथर्डी फाट्याच्या आधी. म्हणजे तातडीचा कॉल येऊन गेल्याचे कळले तर पुढची जागा कुठली याचा विचार गाडीवर करावा लागणार नाही.